आईंचं द्राक्षासव

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजही फुलपात्र जसंच्या तसं परत! दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि खाली ठेवलं. “हाई ते नही शे.” हे ते नाही. अहो आई, तेच आहे! तीच तपकिरी बाटली, तेच आयुर्वेदिक दुकान, टोपणावर तोच द्राक्षांचा घड. शाळेतून येताना मी स्वतः उभी राहून आणलं. सासूबाई मूळच्या नामपूरच्या. नाशकात अर्धं आयुष्य गेलं तरी बोली तिकडचीच आणि हट्टही तिकडचाच — “मना रवी आनत व्हता ते दे.”

माझा रवी आणायचा ते दे. बरं. आणि रवी कुठून आणू?

रविराजला जाऊन महिना उलटला. ऑफिसातून येताना स्कूटर बाजूला लावली, फुटपाथवर बसला तो उठलाच नाही. लोक म्हणतात, त्रास नाही झाला. त्याला नसेल झाला. तेव्हापासून आईंचं खाणं आटत आटत वाटीभर पेजेवर आलंय. संध्याकाळचं द्राक्षासव घेतलं की अर्धी भाकरी तरी पोटात जायची. भूक लागावी म्हणून तीन वर्षांपूर्वी वैद्यांनी सांगितलेलं, आणि ते द्यायचं काम रविराजचं. यायचा, हातपाय धुवायचा, आईंबरोबर वंदनेला बसायचा, मग कोमट पाणी घालून फुलपात्र त्यांच्या हातात द्यायचा. मी त्या वेळी स्वयंपाकघरात. मला त्यात कधी लक्ष घालावंच लागलं नाही.

आता लागतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखाना. वजन आणखी उतरलं. तपासण्या सगळ्या ठीक. डॉक्टर म्हणाले, “पोटात दोष काही नाही हो. मनच लागत नाहीये त्यांचं. पण असंच राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.” आईंना एरवी प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते. ‘नळी’ बरोबर ऐकू आलं! रिक्षात बसेपर्यंत माझा पदर सोडला नाही. “नळी नको वं पोरी.”

“मग जेवा ना!” मी ओरडले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

घरी आल्यावर मला रडू आवरेना. मूल गेलंय त्यांचं. ऐंशी ओलांडलेल्या बाईवर कसली चिडतेस, योगिनी!

१५ नोव्हेंबर, शनिवार

रविराजचं कपाट आवरायला घेतलं. इतके दिवस टाळत होते. मफलरींच्या मागे — द्राक्षासवाची बाटली! तळाशी दोन बोटं शिल्लक. औषधाची बाटली कपाटात कशाला? स्वयंपाकघराच्या फळीवर एक असायचीच की.

टोपण काढून हुंगलं. हे औषध नाही. द्राक्षासारखं काहीतरी, आंबूस, आणि मागून नाकात चढणारं. पुन्हा हुंगलं. शंका आली ती लिहायलाही हात धजत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

रंगनाथभाऊंना बोलावून घेतलं. पाटबंधारे खात्यात रविराजच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, त्याच्या पोटातलं सगळं यांना ठाऊक. बाटली त्यांच्यापुढे ठेवली. भाऊंनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग आईंच्या खोलीकडे. आवाज एकदम खाली. “वहिनी, आता तुमच्यापासून काय लपवायचं. वाइन हे ती.”

वाइन!

कुणा साहेबांच्या निरोपाच्या पार्टीत एक बाटली अर्धी उरली होती. रविराज स्वतः घेत नव्हता, पण वाया का घालवायची म्हणून उचलून आणली. नेमकं त्या दिवशी घरात आसवाची पहिलीच बाटली संपलेली. “म्हनला, द्राक्षाचंच तर हे, एक दिवस चालंल. आन म्हातारी काय म्हनली म्हाईतीये? आज औषध चांगलं लागलं! त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली म्हने. मग काय! सुटका नाय.” तेव्हापासून वाइन आणायची, रिकाम्या आसवाच्या बाटलीत ओतायची, आणि खरं आसव फळीवर शोभेला.

“कोणती आणायचा? नाव काय?”

“ते नाय इचारलं कधी. स्वस्तातलीच. रोजच्याला भारीतली कशी आनंल मानूस? आन मी पडलो बिअरवाला, वहिनी. वाइनीतलं आपल्याला काय कळतंय!” असं म्हणाले आणि जीभ चावली. मग हसायला लागले, हसता हसता रडायला. मी पाणी आणून दिलं. माझे डोळे कोरडे. नुसता राग.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तीन वर्षं! एका घरात! साखरेचा डबा कुठं ठेवलाय हे मला विचारणारा माणूस, आणि एवढं मोठं माझ्यापासून लपवलं. भांडायला तरी थांबायचं होतंस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाहेर कुणाला सांगितलं तर पोट धरून हसतील. आमच्या आई, लंकाबाई, आणि वाइन! आईंचा धाकटा भाऊ, धोंडीराम मामा, ऐन तिशीत दारूपायी गेला. तेव्हापासून त्या बाटलीच्या हात धुऊन मागे. वॉर्डातलं देशीचं दुकान उठवायला बायकांचं मतदान झालं — उभी बाटली की आडवी बाटली — तेव्हा याच घरोघर फिरल्या होत्या. बाटली आडवी झाली. विहाराच्या भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे. मधोमध आई, पदर खोचलेला, मूठ वर.

आणि रोज संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण, पंचशील. एक दिवस चुकलेला नाही. रविराज गेला त्या दिवशीसुद्धा नाही. पाचवं शील — मादक काही घेणार नाही. ते म्हणायचं, आणि लगेच हात पुढे करून तेच घ्यायचं! आईला माहीत नसताना तिच्या पोटच्या पोरानं तिचं शील रोज मोडलं. त्याच्या आधीचं चौथं, खोटं बोलू नये — ते स्वतः मोडलं. आता दोन्ही माझ्या पदरात टाकून हा मोकळा.

सांगितलं तर त्या त्याच क्षणी तोंड मिटतील. मग नळी. सांगितलं नाही तर रोज फसवायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

आज पेजही अर्धी टाकली. हाताची हाडं दिसायला लागलीत.

ठरलं. वाइन आणायची. पण तीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुकान कॉलेज रोडचं निवडलं, आमच्या उपनगरापासून लांब. तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, वर हेल्मेट. दरोडा घालायला निघाल्यासारखी! चौथीच्या वर्गाला ‘नेहमी खरे बोलावे’ फळ्यावर लिहून देणारी बाई. दुकानात दोन पोरं बिअर घेत होती, ती मला पाहून अदबीनं बाजूला सरकली. “काकू, आधी तुम्ही घ्या.” मेल्यांनो!

दुकानदाराला सगळे भिकनशेठ म्हणतात. त्यांनीच माझी सुटका केली. “केकसाठी का, ताई? नाताळाच्या आधी पुष्कळ जणी नेतात.” मी हो म्हटलं. स्वस्तातली गोड लाल वाइन त्यांनी कागदात गुंडाळून दिली. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवून घरी आणली. कधी नव्हे ते शेजारची ज्योत्स्ना जिन्यात भेटली आणि कोथिंबीर केवढ्याला विचारत बसली!

२३ नोव्हेंबर, रविवार

बूच निघेना. चाकू झाला, कात्री झाली. शेवटी लाटण्याच्या टोकानं आत ढकललं, तर कारंजं! ओट्यावर, भिंतीवर, माझ्या गाऊनवर लाल शिंतोडे. खून पुसावा तसं पुसत बसले.

मग आयुष्यातला पहिला घोट. चोपन्नाव्या वर्षी. खोकल्याच्या औषधात साखर घातल्यासारखा! रविराजची बाटली हुंगली, ही हुंगली. ही ती नाही, एवढं मलाही कळलं. तरी आईंना दिली. “साखरपानी,” म्हणाल्या आणि फुलपात्र सरकवलं. पण दोनाऐवजी चार घोट घेतले. मी मोजत बसले होते, वेडी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी. ही ‘ड्राय’. ओल्या वस्तूला कोरडी म्हणतात, कमाल आहे! ड्राय म्हणजे गोडी नसलेली, हे भिकनशेठनी सांगितलं. (“केक बिघडला का, ताई?” “हो. बिघडला.”) जीभ आवळून आली. आईंनी डोळे बारीक केले. “कच्चं जांभूय!” कच्चं जांभूळ तर कच्चं जांभूळ हो आई, पण जरा घ्या ना. नाही.

रोज रविराजच्या बाटलीचं टोपण काढते, हुंगते, लावते. हुंगताना वाटतं, आता कळेल. आज ती आधीपेक्षा आंबूस वाटली. की माझंच नाक गेलं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरी. तीही नाही. आज दिवसभरात नुसतं ताक. तेजलचा पुण्याहून फोन. “मम्मी, आजी जेवते ना?” हो म्हटलं. खोटं बोलायची सवय लागतेय मला.

३० नोव्हेंबर, रविवार

गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत गेले. तिथं चाखून बघता येतं, असं भिकनशेठ म्हणाले होते. (केकचं सोंग त्यांनीच संपवलं. “ताई, काय शोधताय ते सांगा तरी.” मी सांगितलं नाही. पत्ता मात्र त्यांनी दिला.) हे सगळे रस्ते रविराजचे. याच कालव्यांवर त्याची अख्खी नोकरी झाली. एका वळणावर तो चहाला थांबायचा ती टपरी दिसली. मी गाडी थांबवली नाही.

आत मुंबईची जोडपी, टोप्या, फोटो. मी सुती साडीत, मांडीवर पिशवी, पिशवीत द्राक्षासवाची बाटली. काउंटरवर सायली नावाची मुलगी. माझ्या तेजलपेक्षा लहानच असेल, इकडचीच. तिनं चार-पाच ग्लासांत घोट-घोट ओतलं. म्हणाली, चव घ्या आणि या भांड्यात थुंका. चारचौघांत थुंकायचं? मी गिळलं! कान गरम झाले. आणि मग धीर करून पिशवीतली बाटली काढली. “मला ही हवी. अशीच.”

तिनं हुंगलं, आणि माझ्याकडे बघितलं ते बघणं मला आवडलं नाही. “मॅडम, ही कधी उघडलेली?”

“ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आधीही असेल.”

“मग ही केव्हाच उतरलीय. उघडल्यावर चार-पाच दिवस राहते, जास्तीत जास्त. आता हा व्हिनेगार झालाय. टोपण काढलं की हवा जाते ना आत, दर वेळेला आणखी आंबते.”

दर वेळेला. मीच काढत होते टोपण. रोज.

तिथंच रडले. त्या टोप्यांच्या समोर, मोठ्यानं. त्याच्या हातचं उरलेलं एवढंच होतं, आणि ते मी हुंगून हुंगून नासवलं. सायली काउंटरच्या बाहेर आली, खुर्ची दिली. मी तिला सगळं सांगितलं. रंगनाथभाऊ सोडले तर पहिल्यांदाच कुणाला. पोरगी हसली नाही. तिनं विचारलं, “काका कसे द्यायचे आजींना? ग्लासात?”

“स्टीलच्या फुलपात्रात. कोमट पाणी घालून.”

“अय्या! मग तुम्ही नुसती देत होतात का?”

नुसतीच देत होते. त्या तिन्ही नापास बाटल्या नुसत्याच. पाणी आसवात घालायचं असतं, वाइनीत कोण घालतं, असं वाटून! तिनं गरम पाणी मागवलं आणि एकेक वाइन तशी करून मला दिली. दोन तर पाणी घातल्यावर मेल्याच. तिसरी मात्र खुलली, मऊ झाली. शिराझ नावाची साधी लाल वाइन, नवी, हलकी, त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त. “रोजच्याला हीच बरी, मॅडम. बुचाची नका घेऊ, फिरकीच्या टोपणाची घ्या. उघडली की फ्रिजमध्ये ठेवा, द्यायच्या आधी बाहेर काढा. आणि भारीतली अजिबात नको. काकांनी जी आणली असेल, ती भारीतली नव्हती. भारीतली दिलीत तर चुकेल.”

निघताना तिनं पायांना हात लावला. कुणाच्या, माझ्या? दारू घ्यायला आलेल्या बाईच्या!

२ डिसेंबर, मंगळवार

वंदना झाली. शिराझ, त्यात कोमट पाणी, फुलपात्र. आईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. माझा जीव कानात.

“हां. हाई.”

आणि अर्धी भाकरी, वांग्याचं भरीत, वर चमचाभर वरणभात! मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. सुखानं की कशानं, माहीत नाही. तो असता तर दाराआडून बोट नाचवलं असतं त्यानं — बघ, जेवली की नाही!

५ डिसेंबर, शुक्रवार

चौथा दिवस, रोज जेवतायत. आज स्वतःहून ठेचा मागितला.

बाटली उघडली की चार-पाच दिवसांत संपवायला हवी आणि आई घेतात दोन बोटं. उरलेली ओतून देववेना. मग मीही घ्यायला लागले, स्वयंपाक करता करता, स्टीलच्या पेल्यात. आता तोंड वाकडं होत नाही. थोडी मिऱ्यासारखी लागते, थोडी पिकल्या करवंदासारखी. एका पेल्यात मला तो आठवतो तसा आठवतो — मेलेला नाही, ऑफिसातून यायचा असलेला. मग पेला संपतो. घर तेवढंच रिकामं.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात आईंना खुर्चीवर बसवून नेलं. मेणबत्ती त्यांनी स्वतःच लावली. मी त्यांच्या मागे उभी. भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघवलं नाही. चोराच्या मनात चांदणं!

आज फुलपात्र द्यायला गेले नाही. आजच्या दिवशी तरी नको. त्यांनीही मागितलं नाही. जेवण मात्र बऱ्यापैकी केलं.

१० डिसेंबर, बुधवार

ज्योत्स्ना आणि महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या. विहाराच्या रस्त्यावर परमिट रूम येतेय, त्याविरुद्ध मोर्चा. “लंकाबाई, तुम्ही फक्त पुढं बसा. बोलू नका, चालू नका. नुसतं तुम्हाला बघून शंभर बाया येतील.”

“आते मी नही,” आई म्हणाल्या. “दुसरी कोनले पुढे करा.”

लंकाबाई नाही म्हणाल्या! ज्योत्स्ना जाताना मला म्हणाली, “मुलाच्या दुःखानं खचल्या गं पार.” मी मान हलवली. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे बाटली होती. ज्या बाईला बघून शंभर बायका दारूविरुद्ध उभ्या राहतात, तिला मी रोज दारू पाजते. मला स्वतःची शिसारी आली.

१४ डिसेंबर, रविवार

आज वंदनेच्या आधी म्हणाल्या, “तू बी आठे बस ना जराशी.” इथं, त्यांच्या शेजारी. मी म्हटलं, भाजी करपेल. ती काही करपत नव्हती. पाचवं शील त्यांच्या तोंडून शेजारी बसून ऐकायची हिंमत नाही माझी. कुकरच्या शिट्टीमागे लपते झालं.

भिकनशेठ आता मला बघितलं की न विचारता तीच बाटली काढतात. स्कार्फ बांधायचा सोडून दिला.

२७ डिसेंबर, शनिवार

तेजल नाताळच्या सुट्टीला आलीय. आल्या आल्या फ्रिज उघडला, आणि झालं! सगळं सांगावं लागलं. आधी हसली. मग हसायची थांबली.

“मम्मी, हे चूक आहे. तिच्या पोटात काय जातंय हे आजीला माहीत नको? तिनं सबंध आयुष्य —”

“मला शिकवू नकोस! नळी घालू देऊ का तिला?”

“तिला विचार. ठरवू दे तिला. जेवणार नाही म्हणाली तर ते तिचं.”

पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “म्हणजे पप्पा आजीला फसवत होते. तीन वर्षं.”

माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. गेलेल्या माणसाला मी त्याच्या मुलीपुढे लबाड म्हटलं, आणि तो उत्तर द्यायला नव्हता. तेजल उठून गॅलरीत गेली. बापावर फार जीव तिचा. तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर म्हणाली, “राहू दे, मम्मी.”

१ जानेवारी, गुरुवार

तेजल गेली. जाताना आईंच्या गळ्यात पडली. माझ्याशी बेताचंच. “सांगशील ना?” एवढंच.

तिचं बरोबर आहे. आईंच्या गालांवर आता जरा मांस चढलंय, दुपारी गॅलरीत उन्हाला बसतात, खालून जाणाऱ्या भाजीवाल्याशी भांडतात. हे सगळं माझ्या एका वाक्यानं जाणार. आणि त्याबरोबर रविराजही. आईंच्या मनातला त्यांचा रवी अजून अख्खा आहे. तो मीच फोडायचा.

३ जानेवारी, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती. शाळेत माझं भाषण होतं. सत्यावर! एक वाक्य धड बोलता आलं नाही. घसा बसलाय असं सांगितलं. पुन्हा खोटंच.

उद्या सांगणार. वंदनेनंतर, फुलपात्र द्यायच्या आधी. काय बोलायचं ते आंघोळ करताना, भांडी घासताना म्हणून पाहिलं. ‘आई, रवीची चूक नाही, तुम्ही जेवावं म्हणून त्यानं —’ इथपर्यंत येते आणि पुढं जात नाही.

४ जानेवारी, रविवार

गॅस बंद केला आणि आईंच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मेणबत्ती लावली. त्यांच्याबरोबर मीही मोठ्यानं म्हणायला लागले. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं, दोघींचा आवाज एकात एक. पाचवं सुरू केलं, तर खोलीत माझा एकटीचाच आवाज. मी मधेच थांबले. आई हात जोडून, डोळे मिटून शांत बसल्या होत्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, “रवी बी आठेच थांबे.”